ईटीपीचा पैसा परत येतो का? वाळूजच्या एका प्लेटिंगवाल्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळूज एमआयडीसीत वडिलांचं झिंक प्लेटिंगचं (लोखंडी मालावर जस्ताचा थर चढवायचं) जॉबवर्क, एक बॅरल लाइन (सुटा माल फिरत्या पिंपात) आणि एक रॅक लाइन (माल टांगून). प्रदूषण नियंत्रण मंडळाची पाहणी झाली, नोटीस आली, नव्या ईटीपीचं (सांडपाणी साफ करायच्या यंत्रणेचं) कोटेशन हातात आहे आणि त्यावरचा आकडा बघून घरात कोणाला झोप नाही. मुलगा एमबीए करतोय. त्याच्या सरांनी वर्गात सांगितलं की पर्यावरणाचे कायदे कडक केले की कारखानदार नवी तंत्रं शोधतात, कचरा कमी होतो, खर्च भरून निघतो आणि वर नफाही होतो. वडिलांचे सीए म्हणतात, हे पुस्तकात ठीक आहे, कायदा म्हणजे खर्च, कमीत कमी जेवढ्यात भागेल तेवढं करा. मुलाला विचारायचंय की यातलं खरं काय मानून चालायचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सर आणि सीए एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीयेत. सर ज्या नफ्याबद्दल बोलतात तो बाथ (प्लेटिंगच्या द्रावणाची टाकी) आणि धुण्याच्या टाक्या यांच्यामध्ये असतो. सीए ज्या खर्चाबद्दल बोलतात तो गटाराच्या तोंडाशी, म्हणजे ईटीपीत असतो. कायदा दोन्हीकडे ढकलतो, पण कोटेशन फक्त एकाच ठिकाणचं येतं, कारण विकणाऱ्याकडे विकायला ईटीपीच असतो. तेव्हा ‘कायद्यानं फायदा होतो का’ यापेक्षा तुमच्यापुढचा प्रश्न असा आहे की हा पैसा शॉपच्या कोणत्या टोकाला घालायचा आणि आधी कुठं.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. पाणी फक्त एमआयडीसीचं आहे की उन्हाळ्यात टँकर लागतो? सांडपाणी वाळूजच्या सामायिक प्रक्रिया केंद्राला जातं की कन्सेंटमध्ये (मंडळाच्या परवानगीपत्रात) वेगळी अट आहे? बाथ अमोनियम क्लोराइडचा आहे की पोटॅशियम क्लोराइडचा? पॅसिव्हेशन (झिंकवरचा शेवटचा संरक्षक थर) कोणतं? आणि जॉबचा दर किलोवर ठरलाय की नगावर? मी वाळूज, चिकलठाणा, जालना या पट्ट्यात प्लेटिंग, पावडर कोटिंग, रोलिंग मिल आणि थोडीफार साखर-डिस्टिलरीची सल्लागाराची कामं करतो, त्यावरून सर्वसाधारण परिस्थिती धरून लिहितो. तुमचं वेगळं असेल तिथं गणित बदलून घ्या.

आधी धुण्याच्या टाकीपाशी चला. प्लेटिंग शॉपमधलं बहुतेक सांडपाणी धुण्याचं असतं. जॉब, म्हणजे प्लेट करायचा माल, बाथमधून वर आला की त्याच्या अंगाला बाथचं द्रावण चिकटून पुढच्या टाकीत जातं, त्याला आपण ड्रॅग-आऊट म्हणतो. धरा, तासाला एक लिटर ड्रॅग-आऊट जातो आणि धुऊन निघाल्यावर जॉबवरचं पाणी बाथच्या हजारपट पातळ झालेलं हवं. वाहत्या पाण्याची एकच टाकी असेल तर त्यासाठी तासाला हजार लिटर पाणी सोडावं लागतं. तिथंच दोन टाक्या उलट्या प्रवाहात जोडल्या, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिचं ओव्हरफ्लो आधीच्या टाकीत, तर हिशेब हजाराच्या वर्गमुळावर येतो: सुमारे ३२ लिटर. तीन टाक्या केल्या तर घनमूळ, १० लिटर. हे कागदावरचं. शॉपवर पाणी नीट मिसळत नाही, बॅरलची भोकं बुजलेली असतात, ऑपरेटर घाईत असतो, म्हणून दोन टाक्यांना मी ५० ते ६० धरतो. तरी हजाराचे साठ झाले.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, आमच्याकडे दोन टाक्या आहेतच. असतात. जवळपास प्रत्येक शॉपवर असतात. पण दोन्हींना वेगळा पाइप आणि दोन्ही कॉक पूर्ण उघडे. कॉक कोण बंद करणार? ऑपरेटरचं काम जॉब काढणं, डाग आला तर शिव्या त्याला, पाण्याचं बिल मालकाला. त्यानं कॉक उघडा ठेवणं हे त्याच्या बाजूनं अगदी शहाणपणाचं आहे. म्हणून टाक्या जोडायच्या, पाणी तळातून आत आणि वरून बाहेर काढायचं, आणि पाइपात एक साधा फ्लो रिस्ट्रिक्टर टाकायचा, म्हणजे हातानं जास्त सोडताच येत नाही. थोडे पैसे असतील तर कंडक्टिव्हिटीवर चालणारा व्हॉल्व्ह, पाणी खराब झालं की उघडतो, एरवी बंद. हे करायला प्लंबर पुरतो.

ड्रॅग-आऊटच कमी केला तर याच्याही मागे जाता येतं. बॅरल बाथच्या वर काही सेकंद थांबवून एकदा-दोनदा फिरवायचं, रॅक थोडं तिरकं टांगायचं की थेंब एका कोपऱ्यात जमून पडेल, दोन टाक्यांमध्ये उतरती पट्टी लावायची की ठिबकलेलं परत बाथमध्ये जाईल. खर्च जवळपास शून्य, वेळ मात्र लागतो, आणि जॉबवर्कमध्ये वेळ हाच माल. किलोवर दर आणि कामगाराला नगावर पैसे असतील तर पंधरा सेकंद थांबणं त्याच्या खिशातून जातं. तेव्हा माल उचलणाऱ्या होइस्टवर टायमर लावा, उपदेश करून हे होत नाही.

बाथच्या पुढे एक स्थिर टाकी ठेवून तिचं पाणी परत बाथमध्ये घालता येतं, हेही तुम्हाला कोणीतरी सांगेल. निकेलला हे झकास चालतं, बाथ ५०-६० अंशांवर असतो, रोज पाणी उडतं, त्या जागी रिकव्हरी टाकीचं पाणी जातं आणि निकेल महाग असल्यानं धातूचेच पैसे सुटतात. क्लोराइड झिंक थंड चालतो. त्यातून पाणी फार उडत नाही, म्हणून परत घालायला जागाच थोडी असते, आणि झिंक निकेलच्या मानानं स्वस्त. तुमच्याकडे धातू वाचवून श्रीमंती येणार नाही. तुमचे पैसे पाण्यात, केमिकलमध्ये आणि स्लजमध्ये आहेत.

स्लजचा हिशेब मालक लोक क्वचितच करतात. ईटीपीचा गाळ धोकादायक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि इकडचा माल रांजणगावच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्राला पाठवावा लागतो. तिथं पैसे टनावर, ट्रकचं भाडं वेगळं. आता समजा फिल्टर प्रेसमधून निघालेल्या १० टन स्लजमध्ये ८० टक्के पाणी आहे. म्हणजे घन पदार्थ २ टन, पाणी ८ टन. हाच गाळ पत्र्याच्या शेडखाली, पक्क्या फरशीवर पसरून ५० टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन ४ टन राहतं. सहा टन पाणी तुम्ही पैसे देऊन रांजणगावला पाठवत होता! मराठवाड्यात वर्षातले आठ-नऊ महिने ऊन फुकट आहे. फक्त जागा कन्सेंटमध्ये दाखवा, पावसाचं पाणी आत येऊ देऊ नका आणि गळणारं पाणी परत ईटीपीत घ्या.

त्यातही चुना वापरता की कॉस्टिक, यानं फरक पडतो. हलका चुना स्वस्त दिसतो, पण त्यातला न विरघळणारा भाग जसाच्या तसा स्लजमध्ये येतो आणि तुम्ही तो पुन्हा टनाच्या भावानं पाठवता. कॉस्टिकनं स्लज कमी होतो, गाळ बसायला जरा त्रास देतो, पॉलिमर लागतो. आणि बाथ अमोनियम क्लोराइडचा असेल तर पोटॅशियम क्लोराइडवर जाण्याचा विचार करा. अमोनिया झिंकला धरून ठेवतो, चुना कितीही टाकला तरी ५ मिलिग्रॅमच्या मर्यादेखाली आणताना नाकी नऊ येतात. बाथ बदलला तर ईटीपी सोपा होतो. सायनाइड झिंकवरून लोक सायनाइडमुक्त बाथवर आले तेव्हाही असंच झालं: सायनाइड मोडायला लागणारं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), वेगळी टाकी, वेगळी भीती, सगळंच सुटलं.

इथं तुमच्या सरांचं म्हणणं येतं. ही मांडणी हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये केली आणि १९९५ मध्ये क्लास व्हॅन डर लिंड यांच्याबरोबर सविस्तर लिहिली. त्यांचं सांगणं असं की प्रदूषण म्हणजे वाया गेलेला कच्चा माल, आणि नीट आखलेला कायदा कारखानदाराला तो माल शोधायला लावतो. त्याच वर्षी कॅरन पामर, वॉलेस ओट्स आणि पॉल पोर्टनी या अर्थतज्ज्ञांनी उलट विचारलं: नफा होता तर मालक कायद्याची वाट कशाला बघेल? त्यानंतर झालेल्या अभ्यासांचा गोषवारा असा निघतो की कायद्यानं नवी तंत्रं येतात याला बऱ्यापैकी आधार आहे, पण ती तंत्रं कायद्याचा सगळा खर्च भरून काढतात याचे पुरावे संमिश्र आहेत. म्हणजे सरांनी वर्गात जे सांगितलं त्याचा पहिला भाग पक्का आणि दुसरा भाग ‘बघावं लागेल’.

मालक वाट का बघतो, याचं उत्तर मात्र वाळूजच्या कोणत्याही प्लेटिंग शॉपवर मिळतं. तोच माल आणतो, तोच ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याशी भांडतो, संध्याकाळी तोच चलनं फाडतो. धुण्याच्या टाकीला मीटर नाही, लाइनप्रमाणे केमिकलचा हिशेब नाही. जे मोजलंच जात नाही त्यातला नफा दिसणार कसा? कायदा पहिली गोष्ट करतो ती ही की मोजायला लावतो. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यावं लागतं, फॉर्म पाच. नव्वदच्या दशकापासून आहे. त्यात विचारलंय: प्रति एकक उत्पादनाला पाणी किती, कच्चा माल किती, गेल्या वर्षी किती, यंदा किती, कचरा किती, तो कमी करायला काय केलं. मला विचाराल तर छोट्या कारखान्यासाठी एवढा उपयोगी कागद दुसरा नाही. आणि आपण करतो काय? गेल्या वर्षीची फाइल उघडतो, साल बदलतो, एखादा आकडा दोन टक्क्यांनी खाली करतो आणि अपलोड करतो. हे काम करणारे आम्हीच सल्लागार लोक आहोत, तेव्हा दोष फक्त मालकाला देत नाही. यंदा तो फॉर्म खऱ्या आकड्यांनी भरून बघा.

आता सीएंच्या बाजूचं. काही खर्च परत येतच नाही आणि तो येईल असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. तुमच्या कोटेशनमध्ये ‘झीरो लिक्विड डिस्चार्ज’ लिहिलं असेल तर तिथं थांबा. आरओ लावला की सत्तर-ऐंशी टक्के पाणी परत मिळतं, ते ठीक. उरलेलं खारट पाणी इव्हॅपोरेटरमध्ये उकळायचं, त्याला वाफ, वाफेला इंधन, शेवटी ड्रायरमधून निघतं मिश्र मीठ: क्लोराइड, सल्फेट, थोडे धातू, सगळं एकत्र. त्याला गिऱ्हाईक नाही. तेही रांजणगावला. तुमच्या आकाराच्या युनिटला सामायिक केंद्र उपलब्ध असताना हे कशासाठी, असं विक्रेत्याला विचारा. कन्सेंटमध्ये तशी अटच असेल तर गोष्ट वेगळी, मग ते बिल म्हणूनच धरा, गुंतवणूक म्हणून नको. क्रोमियमचंही तसंच: षटसंयोजी क्रोम (क्रोमियमचा विषारी प्रकार) लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत आणायला पीएच २-३ वर मेटाबायसल्फाइट, मग पीएच वर नेऊन गाळ. यात कमाई काही नाही. तो खर्च शेजाऱ्याच्या बोअरमध्ये क्रोम जाऊ नये म्हणून आहे, आणि तो करायलाच हवा, फायदा असो नसो.

पण क्रोमचा किस्सा इथं संपत नाही. आपल्याकडच्या ऑटो पार्ट्सच्या प्लेटिंगमध्ये षटसंयोजी क्रोमचं पिवळं पॅसिव्हेशन जाऊन त्रिसंयोजी, म्हणजे क्रोमच्या कमी घातक प्रकाराचं, आलं ते युरोपातल्या कायद्यामुळे. तिथल्या जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीच्या कायद्यानं २००७ पासून गाड्यांमधल्या षटसंयोजी क्रोमवर बंदी आली, इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या क्रोमवर ती त्याच्या आदल्या वर्षीच आली होती. निर्यात करणाऱ्या कंपन्यांनी ड्रॉइंगवर टीप टाकली आणि ती टीप वाळूजच्या गल्लीपर्यंत आली. ज्यांनी आधी बदललं त्यांना ते जॉब मिळाले. बाकीच्यांना दर पाडून बाजारातले नट-बोल्ट करावे लागले. तुमच्याकडे अजून पिवळं चालू असेल तर एक काम करा, तुमच्या मोठ्या तीन ग्राहकांना विचारा की त्रिसंयोजीला किलोमागे किती जास्त देतील. देत असतील तर हा कायदा तुमच्यासाठी नफ्याचा. देत नसतील तर नाही. यापेक्षा वेगळी कसोटी मला माहीत नाही.

कायद्याची भाषा कशी आहे यावरही बरंच ठरतं, आणि इथं माझी मंडळाच्या पद्धतीबद्दल तक्रार आहे. आपल्या बहुतेक मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असतात. तुमच्या कन्सेंटमध्ये विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, मर्यादा बहुतेक २१०० असेल. आता तुम्ही प्रामाणिकपणे पाणी हजारावरून साठ लिटरवर आणलं, तर क्षार तेवढेच राहिले आणि पाणी घटलं, म्हणजे टीडीएस चढला. काल पास होणारं सॅम्पल आज फेल. पाणी नासणारा पास, वाचवणारा नापास! याउलट साखर कारखान्यांसाठी २०१६ मध्ये जी सुधारणा झाली ती टन उसामागे लिटरवर आहे: टनामागे प्रक्रियेचं १०० लिटर सांडपाणी आणि कूलिंग टॉवरचं १०० लिटर. उसात मुळात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. अशी मर्यादा आली की कारखाना कंडेन्सेट (रस आटवताना निघालेल्या वाफेचं पाणी) थंड करून, साफ करून परत वापरायला लागतो, कारण तिथं पातळ करून सुटता येत नाही. मराठवाड्यातल्या कारखान्याला याचा दुहेरी फायदा, कारण जानेवारीनंतर त्याची विहीरही आटायला लागते.

डिस्टिलरीचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण कायदा, नवं तंत्र आणि नफा हे तिन्ही तिथं आहेत, पण एका वेळी आलेले नाहीत. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश नावाचं सांडपाणी निघतं, त्याचा सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात. आपल्या भागात ज्यांच्या विहिरी चहाच्या रंगाच्या झाल्या त्यांना हे समजावून सांगायला नको. आधी तळी करून साठवायचे, मग बायोगॅस आला, मग प्रेसमडवर (साखर कारखान्यातल्या मळीवर नव्हे, रस गाळून उरलेल्या गाळावर) फवारून कंपोस्ट. बायोगॅसनं बॉयलरचं इंधन वाचलं म्हणून तो कारखान्यांनी आनंदानं लावला. २००३ मध्ये केंद्रीय मंडळाची सनद आली, नंतर शून्य विसर्गाची सक्ती झाली, आणि स्पेंटवॉश आटवून जाळणारे इन्सिनरेशन बॉयलर आले. त्यांचा खर्च कोटींमध्ये. वाफ मिळते, वीज मिळते, आणि खाली राख मिळते ज्यात पालाश (पोटॅश) भरपूर असतो. भारत पोटॅश जवळपास सगळा आयात करतो, म्हणजे राख ही खत व्हायला हवी होती. पण बरीच वर्षं ती नुसती उचलायलाच माणूस शोधावा लागायचा. २०२१ मध्ये केंद्रानं मळीपासूनच्या या पोटॅशला खताच्या अनुदान योजनेत घेतलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना विकायचा भाव टनाला ४२६३ रुपये ठरला. बॉयलर उभारायला २०१८ च्या व्याज सवलतीनं हात दिला, आणि इथेनॉलला सरकारनंच गिऱ्हाईक उभं केलं.

तुमच्या सरांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही, पण पूर्ण द्या. प्रदूषणाच्या कायद्यानं तंत्र आणलं, राखेचे पैसे खत खात्यानं आणले. एक हात नुसता काठी घेऊन उभा राहिला असता तर डिस्टिलऱ्यांनी पावसाळ्याची वाट बघितली असती, रात्री ओढ्याला सोडायला.

जालन्यात वेगळीच तऱ्हा दिसते. सळईच्या मिलमध्ये पूर्वी भट्टीतून बिलेट (ओतीव पोलादाचा दांडा) काढायचं, थंड करायचं, यार्डात रचायचं, मग रीहीटिंग फर्नेसमध्ये कोळशावर किंवा फर्नेस ऑइलवर पुन्हा तापवून रोलिंगला द्यायचं. आता कास्टरमधून (बिलेट ओतणाऱ्या यंत्रातून) निघालेलं लालबुंद बिलेट थेट रोलिंगला देणाऱ्या मिल आहेत. कोळसा वाचला, दुसऱ्यांदा तापवताना पत्र्यासारखी सुटणारी स्केल वाचली, म्हणजे लोखंडच वाचलं, आणि फर्नेसची चिमणी बंद पडली. चिमणीच नाही तर तिचं सॅम्पल कशाचं घेणार? हे मंडळाच्या धाकानं झालं असं म्हणणं बरोबर नाही, कोळशाच्या बिलानं झालं. कायद्याची कटकट गेली ही वरकड. आणि हे ज्यांचा मेल्टिंग आणि रोलिंग एकाच आवारात आहे, कास्टरचा वेग मिलच्या वेगाला जुळतो, त्यांनाच जमतं. बाहेरून बिलेट आणून रोल करणाऱ्याला थेट रोलिंग करता येत नाही, कायदा कितीही कडक करा.

पाणीकपात हाही एक प्रकारे कायदाच. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत, औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचं २५ टक्क्यांपर्यंत कापायला लावलं. परिस्थितीच तशी होती, पिण्याला पाणी नव्हतं. पण उद्या सकाळपासून पंचवीस टक्के कमी असं सांगितल्यावर नवं तंत्र कोणी शोधत नाही. ज्यांच्याकडे टाकीटाकीला मीटर होते त्यांनी धुणं आवळलं, बाकीच्यांनी शिफ्ट कमी केली किंवा टँकर मागवले. कायदा कडक असण्यापेक्षा तो कधी, किती लागू होणार हे तीन-चार वर्षं आधी माहीत असणं माझ्या मते जास्त कामाचं. मालकाला यंत्र बदलायचं वर्ष त्याप्रमाणे ठरवता येतं.

आणि शेजारी. तुम्ही सगळं केलं, आणि गल्लीतला दुसरा प्लेटिंगवाला रात्री पंप लावून नाल्यात सोडतोय, तर किलोमागे त्याचा दर तुमच्यापेक्षा कमीच राहणार. हे गाऱ्हाणं खरं आहे. गुजरातमध्ये २००९ ते २०११ दरम्यान एक मोठा प्रयोग झाला. तपासणीसाला कारखान्यानंच पैसे द्यायचे ही पद्धत काढून सामायिक निधीतून दिले, कोणाची तपासणी कोण करणार हे चिठ्ठीनं ठरवलं, काही ठिकाणी फेरतपासणी केली. रिपोर्ट खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही घटवलं. म्हणजे कायद्यापेक्षा मोजणारा माणूस कोणाकडून पैसे घेतो यानं जास्त फरक पडला. ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच की ज्या ग्राहकांचे ऑडिट होतात, जे वर्षातून एकदा येऊन तुमची चलनं आणि मॅनिफेस्ट (धोकादायक कचरा पाठवल्याच्या नोंदी) बघतात, त्यांचं काम वाढवायचं. तिथं रात्री पंप लावणारा येऊ शकत नाही.

आता कोटेशनचं काय करायचं. सही करू नका, फेकूनही देऊ नका. नोटिशीचं उत्तर दिलेल्या मुदतीत द्या, आणि त्यात कामांचा क्रम तारखांसह लिहा: मीटर, टाक्यांची जोडणी, स्लज शेड, नंतर ईटीपी. मंडळाचे साहेब ‘प्रक्रिया चालू आहे’ या वाक्याला कंटाळलेले असतात, तारखा दिसल्या की बोलणं वेगळं होतं. लगेच चार मीटर बसवा: येणारं पाणी, दोन्ही लाइनचं धुणं, ईटीपीत जाणारं. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ वही भरा. मग टाक्या जोडा आणि पुढचा महिना पुन्हा भरा. दुसऱ्या महिन्याच्या आकड्यावर ईटीपीचं माप ठरवा आणि विक्रेत्याला नवं कोटेशन मागा. जुनं माप कॉक पूर्ण उघडे असतानाचं आहे. लहान ईटीपीत टाक्या लहान, पंप लहान, फिल्टर प्रेस लहान, डोसिंगही कमी. वडिलांचे सीए ज्या कमीत कमीची भाषा करतात ते याच रस्त्यानं मिळतं.

टीडीएस चढणार आहे, त्याची तयारी आधीच ठेवा. सामायिक केंद्राचे प्रवेश निकष काय आहेत ते लेखी घ्या आणि पाणी किती आवळायचं ते त्यावरून ठरवा. तीन टाक्यांचा मोह तिथंच आवरावा लागतो. पिकलिंगचं (प्लेटिंगआधी गंज काढायचं) संपलेलं ॲसिड धुण्याच्या पाण्यात मिसळत असाल तर बंद करा, ते वेगळ्या ड्रममध्ये काढून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्या. बराचसा टीडीएस त्यातूनच येतो. ॲसिडमध्ये इनहिबिटर (ॲसिडनं लोखंड खाणं रोखणारं रसायन) टाकलं तर ॲसिड जास्त दिवस चालेल आणि धूरही कमी होईल.

शेवटचं, आणि हे लोक विसरतात. पाणी घटल्यावर कन्सेंटमधला सांडपाण्याचा आकडाही दुरुस्त करून घ्या, रिन्यूअलची वाट बघू नका. अर्जाबरोबर दोन्ही महिन्यांच्या मीटरच्या वहीची प्रत आणि जोडलेल्या टाक्यांचे फोटो लावा. कन्सेंटवर दिवसाला वीस हजार लिटर आणि ईटीपीच्या मीटरवर दोन हजार दिसले, तर पुढच्या पाहणीला येणारा अधिकारी तुमचं कौतुक करणार नाही. तो विचारणार, बाकीचं अठरा हजार कुठं सोडता?